कोपीला दार नसतं

गळिताचा हंगाम सुरू झाला की अंकुशनगरची संध्याकाळ गोडूस वासाची होते. मळी, उकळता रस आणि चिपाडाचा धूर यांचा तो मिश्र वास पाहुण्याच्या डोक्यात जातो. इथं राहणाऱ्याला तो हंगाम संपल्यावर, नसला की आठवतो. समर्थ कारखान्याच्या काट्याकडे बैलगाड्यांची रांग लागलेली असते. बैल उभ्या उभ्या रवंथ करतात, गाडीवान मोळीला टेकून डुलकी काढतात, कुठल्या तरी ट्रॅक्टरवर गाणं मोठ्यानं वाजत असतं. दिवस मावळला की या गलक्यात आणखी एक आवाज मिसळतो, पोरांना घरात बोलावणाऱ्या बायांचा.

"ये आत. बिबट्या फिरतोय."

"तिकडं कुठं निघाला? जनावर हाय तिथं."

"नीज बरं गुमान. कोल्हं ऐकायलंय."

कान देऊन ऐकलं तर या हाकांचाही एक नकाशा तयार होतो. कारखान्याच्या वसाहतीत कुत्र्याचं नाव निघतं, कालव्याकडेच्या वस्तीवर सापाचं, आणि ऊसतोड्यांच्या कोप्यांमध्ये बिबट्याचं नाहीतर लांडग्याचं. पोरं सारखीच, अंधारही सारखाच. भ्यायचं कुणाला, एवढंच वस्तीगणिक बदलतं.

कोपी ज्यानं आतून पाहिली असेल त्याला या हाकांचा राग येणार नाही. बांबूच्या कामट्या, वर ताडपत्री, वरून पाचट. आत तीन दगडांची चूल, कपड्यांचं बोचकं, आणि असलंच तर झोळीत तान्हं. बीडकडून आलेल्या टोळीतली बाई पहाटेच्या काळोखात नवऱ्याबरोबर कोयता घेऊन फडात जाते. मागं पाच-सहा वर्षांची पोरगी धाकट्या भावाला सांभाळत बसते. कोपीला दार नसतं. कडी नसते, कुलूप नसतं. बाई निघताना पोरीला सांगते, "भाईर निघू नको, लांडगा धरतो." त्या एका वाक्याचं ती दार करते, ते ओढून घेते आणि ऊस तोडायला जाते.

त्या बाईला बालमानसशास्त्र शिकवायला निघालेल्या माणसानं आधी तिला एक खरं दार द्यावं. पण तिचं ते वाक्य पोरीच्या मनात कुठवर जातं, पुढं काय काय करतं, हे मात्र आपण सगळ्यांनी बघायला हवं. कारण दार असलेल्या घरांतही आपण तेच वाक्य वापरतो. जेवत नाही म्हणून, झोपत नाही म्हणून, दुपारी उन्हात हुंदडतो म्हणून. जनावरांना आपण घरचे शिपाई करून ठेवलं आहे. पोरानं ऐकलं नाही की एकेकाला हाक मारायची.

माझ्या आजीकडं अशा शिपायांची मोठी फौज होती. धामीण गाईच्या पायांना विळखा घालून दूध पिते आणि तिची शेपटी जिथं लागेल तिथलं मांस सडतं. हरणटोळ झाडावरून टाळूवरच झेप घेतं. सरडा मान हलवतो तो आपलं रक्त मोजत असतो. मांडुळाला दोन तोंडं. सहा महिने ते एका तोंडानं चालतं, सहा महिने दुसऱ्या. घुबडाला दगड मारू नये, ते तो दगड रोज पाण्यात नेऊन घासतं आणि दगड झिजेल तसतसा मारणारा झिजत जातो. आणि या सगळ्यांच्या वर नागीण. ती डूख धरते. बारा वर्षं विसरत नाही, सात गावं पाठलाग करते. रात्री तर तिचं नावही घ्यायचं नाही, जनावर म्हणायचं, लांबडं म्हणायचं.

आज यातलं एकेक तपासलं तर बहुतेक सगळं खोटं निघतं. सापाला दूध ओढायची सोय तोंडात नसते. मांडुळाची शेपटी बोथट असते म्हणून ती तोंडासारखी दिसते. धामणीला विष नाही. हरणटोळाचं सौम्य विष बेडूक-सरड्यांपुरतं, माणसाला त्यापासून धोका नाही. कोणत्याही सापाच्या मेंदूत सूड साठवायची जागा नाही.

पण आजीच्या याच फौजेत दुसऱ्या जातीचीही वाक्यं होती. अंथरूण झटकल्याशिवाय पडायचं नाही. चप्पल उलटी करून आपटल्याशिवाय पायात घालायची नाही. गोवऱ्यांच्या ढिगात आधी काठी, मग हात. रात्री परसाकडं जाताना कंदील पुढं आणि पाय आपटत जायचं. पावसाळ्यात भुईवर नाही, बाजेवर झोपायचं. ही वाक्यं ती कधी डोळे मोठे करून सांगत नसे. भाकरी थापता थापता, दळण निवडता निवडता सांगायची. त्यांत एकही खोटं नव्हतं. मण्यार रात्री फिरते, भुईवर झोपलेल्या माणसाच्या उबेला येते, तिचा दंश पुष्कळदा दुखतही नाही आणि माणूस झोपेतच जायला लागतो. बाज हा त्यावरचा खरा उपाय आहे, हे आजचा डॉक्टरही सांगेल.

मोठेपणी या दोन जातींची वाक्यं मी वेगळी करून पाहिली. एका जातीच्या वाक्याला हात असतात. काय कर, कुठं बघ, कसं चाल, ते ती सांगतात. दुसऱ्या जातीला नुसते दात. गंमत अशी की मन दातवाली वाक्यं धरून ठेवतं. आज चाळिशी-पन्नाशीच्या कुणालाही विचारा, नागिणीचा डूख त्याला शब्दन्‌शब्द आठवतो. गोवऱ्यांत आधी काठी घालायचं आठवत नाही.

आजीला जे अनुभवानं ठाऊक होतं ते तपासून बघायचा उद्योग परदेशातल्या काही संशोधकांनी केला. स्टॅनली रॅकमन या मानसशास्त्रज्ञानं १९७७ मध्ये मांडलं की माणसाच्या मनात भीती तीन वाटांनी शिरते. स्वतःला आलेल्या अनुभवातून, दुसऱ्याला भिताना पाहून, आणि नुसतं ऐकून. या तिसऱ्या वाटेची परीक्षा इंग्लंडमध्ये अँडी फील्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घेतली. सहा ते नऊ वर्षांच्या मुलांना त्यांनी ऑस्ट्रेलियातले तीन प्राणी दाखवले: क्वोल, क्वोका आणि कस्कस. मुलांनी ही नावं कधी ऐकलेली नव्हती, त्यामुळं मनाची पाटी कोरी. एका प्राण्याबद्दल चांगलं सांगितलं, एकाबद्दल वाईट, एकाबद्दल काहीच नाही. मग खोकी मांडली. या खोक्यात अमुक प्राणी आहे, हात घाल. ज्याच्याबद्दल वाईट ऐकलं होतं त्याच्या खोक्यात हात घालायला मुलं जास्त वेळ घुटमळली. खोक्यात खरा प्राणी नव्हताच. मुलं घुटमळली ती ऐकलेल्या चार वाक्यांपाशी. २००३ मध्ये हा अभ्यास प्रसिद्ध झाला.

त्याहून मला रुतला तो तान्ह्यांवरचा प्रयोग. अमेरिकेत व्हेनेसा लोब्यू आणि ज्युडी डीलोश यांनी सात ते अठरा महिन्यांच्या बाळांना सापाची आणि इतर प्राण्यांची हलती चित्रं दाखवली. बाळं सापाला भ्यायली नाहीत. मात्र चित्राबरोबर घाबरलेल्या माणसाचा आवाज ऐकवला तेव्हा त्यांची नजर सापावर जास्त वेळ खिळून राहिली. साप आणि घाबरलेला सूर यांची गाठ बसायला बाळाचं मन तयार असतं. गाठ मारतो तो आपला आवाज. म्हणजे वाक्याचा अर्थ कळायच्या आधीच त्याचा सूर पोचलेला असतो. झोळीतल्या तान्ह्याला लांडगा म्हणजे काय ते ठाऊक नाही. आईचा आवाज कुठं चिरकला ते त्याला ठाऊक आहे.

माकडांचंही तसंच निघालं. १९८०च्या दशकात सुझन मिनेका यांनी प्रयोगशाळेत वाढलेली माकडं घेतली. सापासमोर ठेवली तर ती निवांत. पण रानात वाढलेलं माकड सापाला पाहून किंचाळताना त्यांनी पाहिलं, आणि थोड्याच वेळात तीही भ्यायला लागली. पुढं चित्रफितीत जोडाजोड करून माकड फुलाला भितं आहे असं दाखवलं. फुलाची भीती काही लागली नाही. सापाच्या भीतीसाठी आपल्या मनात रान आधीच नांगरून ठेवलेलं असावं. त्यात पेरायचं काम शेजारचा करतो.

म्हणून पेरणाऱ्यावर जबाबदारी जास्त येते.

आपल्याकडच्या गोष्टी पेरणारे फार हुशार होते, असं मला वाटतं. मराठी घरात वाढलेल्या बहुतेक पोरांच्या वाट्याला आलेली भोपळ्यातल्या म्हातारीची गोष्ट आठवा. लेकीकडं निघालेल्या म्हातारीला रानात वाघ गाठतो. ती भिते, पण तिची वाचा बसत नाही. आत्ता माझ्यात काय आहे, लेकीकडं जाऊन धष्टपुष्ट होऊन येते, मग खा, असा ती वाघाशी सौदा करते. परतताना भोपळ्यात बसून निसटते. दोन-तीन वर्षांच्या पोराला या गोष्टीतून काय मिळतं? वाघ खातो, हे मिळतं. वाघ रानात असतो आणि त्या रानातून आपल्यालाही जावं लागतं, हे मिळतं. आणि भ्यायलेल्या माणसालाही डोकं चालवता येतं, हे मिळतं. गोष्ट ऐकून पोर घाबरत नाही, उलट पुन्हा सांग म्हणतं.

नागपंचमीची कहाणीही तशीच. शेतकऱ्याच्या नांगराच्या फाळाखाली नागाची पिल्लं मरतात, नागीण घरादाराला डसते, आणि परगावी नांदणाऱ्या लेकीच्या भक्तीनं शांत होऊन अमृत देते. डुखाचं मूळ इथं आहे हे खरं. पण या कहाणीत पहिली चूक माणसाची आहे, ते आपण विसरतो. त्या दिवशी नांगरायचं नाही, खणायचं नाही, चिरायचं नाही. वर्षाचा एक दिवस जमिनीखालच्या जिवांना सोडलेला. भीती आहे, पण तिच्या पोटात माफीही आहे.

आणि लांडगा आला रे आला! गुराख्याच्या पोराला खोटं बोलू नये हे शिकवण्यासाठी आपण या गोष्टीत लांडग्याला कामाला लावलं. जालन्याचा, बीडचा उघडा माळ हे लांडग्याचं आणि काळविटाचं खरं घर. अंबड तालुक्याच्या या पट्ट्यात आधी ज्वारी, बाजरी, कापूस होता. पैठणला जायकवाडी उभं राहिलं, १९७६ मध्ये ते पूर्ण झालं, डावा कालवा इकडं उतरला आणि त्याच्या मागोमाग ऊस आला. कारखाना आला, नगर वसलं. माळ आकसला तसा लांडगाही मागं सरला. देशभरात आता ते तीन हजारांच्या आसपास असावेत, म्हणजे वाघांहूनही कमी, असा अंदाज आहे. अंकुशनगरच्या फडात उभं राहून गुराख्याच्या पोरानं खरोखर शंभर हाका मारल्या तरी लांडगा येईल की नाही, शंकाच आहे. जनावर निघून गेलं, त्याच्या नावाची भीती कोप्यांमध्ये मागं राहिली.

बिबट्याचं उलटं झालं. तो आला आणि त्याची गोष्ट आमच्याकडं नव्हती.

ऊस म्हणजे त्याच्या दृष्टीनं बारमाही रान. दाट, सावलीचं, कालव्याच्या पाण्याचं, वर्षभर कुणी आत न शिरणारं. आत उंदीर, घुशी, डुकरं. कडेला वस्तीची कुत्री, शेळ्या. नगर आणि पुणे जिल्ह्यांत हे फार आधी घडलं. नगरमधल्या अकोले तालुक्याच्या ऊसपट्ट्यात विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी कॅमेरे लावून पाहणी केली, तिचा अहवाल २०१३ मध्ये आला. तिथं चौरस किलोमीटरला तीनशेहून जास्त माणसं राहतात, आणि त्याच शिवारात दर शंभर चौरस किलोमीटरमागं पाचेक मोठे बिबटे आढळले. जंगल नाही, हरणं नाहीत. त्यांच्या पोटात सगळ्यांत जास्त भरणा कुत्र्यांचा होता. माणसांवरचे हल्ले मात्र जवळजवळ नव्हतेच.

जुन्नरचा अनुभव याच्या शेजारी ठेवून बघण्यासारखा आहे. २००१च्या सुमारास तिथं बिबटे पकडून दूर नेऊन सोडायचा सपाटा लागला. दिसला की पिंजरा, कारण लोकांना नको होता. त्यानंतर माणसांवरचे हल्ले वर्षाला सरासरी चार होते ते सतरावर गेले, असं त्याच अभ्यासकांनी २०११ मध्ये दाखवून दिलं. अनोळखी मुलखात सोडलेलं बिथरलेलं जनावर जास्त धोक्याचं ठरलं. आंधळ्या भीतीनं केलेला उपाय भ्यायलेल्यांच्याच अंगाशी आला.

याचा अर्थ बिबट्या गरीब गाय आहे असा नाही. २०२५च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये शिरूर तालुक्यातल्या पिंपरखेड परिसरात तीन आठवड्यांत दोन मुलं आणि एक म्हातारी बाई बिबट्याच्या हल्ल्यात गेली. ज्या घरातलं लेकरू गेलं त्या घराला कुणी सहजीवनाचे धडे देऊ नयेत. तिथली भीती ऐकीव नाही, तिला तोंड आहे, तारीख आहे. पण खऱ्या भीतीलाही हात लागतात. सांजेनंतर लहान पोराला एकटं सोडायचं नाही. उसाच्या कडेला वाकून, बसून राहायचं नाही. बसलेलं माणूस बिबट्याला छोट्या जनावराएवढं दिसतं. चालताना बोलत, गाणी लावत जायचं. दिसला तर पळायचं नाही, पाठ फिरवायची नाही, लहान पोराला उचलून घ्यायचं. शेळ्यांना बंदिस्त गोठा. घरामागं टाकलेलं खरकटं कुत्री आणतं आणि कुत्र्यांच्या मागोमाग तो येतो, हे ठाऊक असायचं. "बिबट्या येईल आणि तुला नेईल" या वाक्यात यातलं एकही नाही.

पालघर-ठाण्याकडच्या वारल्यांकडं बिबट्याची गोष्ट जुनी आहे. ते त्याला वाघोबा म्हणतात. मुंबई उपनगर, ठाणे आणि पालघर मिळून वाघोबाची दीडशे ठाणी अभ्यासकांनी २०२१ मध्ये नोंदवली. वाघबारशीला त्याला नैवेद्य असतो. तो शेळी नेतो, कधी माणसालाही जखमी करतो, हे वारल्यांना आपल्यापेक्षा चांगलं माहीत आहे. तरीही त्यांच्या पोरांना तो आधी देव म्हणून भेटतो, शेजारी म्हणून भेटतो. भक्षक म्हणून नंतर. आमच्या गोदाकाठच्या पोरांना तो मोबाइलवर भेटतो. कुठल्या तरी गावातली सीसीटीव्हीची धूसर फीत, खाली "आपल्या भागात, सावध राहा", आणि ती कुठली, कधीची, ते कुणालाच ठाऊक नाही. रात्री दहा वाजता घरातली सगळी मोठी माणसं त्या पडद्याभोवती गोळा होऊन "बाप रे" म्हणतात. पोर गोधडीतून ते ऐकत असतं. तान्ह्यांवरच्या त्या प्रयोगासाठी आता प्रयोगशाळाही लागत नाही.

अशा वेळी मी पोरांना आजोबाची हकीकत सांगतो. २००९ मध्ये पारनेर तालुक्यात टाकळी ढोकेश्वरला एक वयस्कर बिबट्या विहिरीत पडला. काढला तेव्हा इतका शांत की अभ्यासकांनी त्याचं नाव आजोबा ठेवलं. गळ्यात पट्टा बसवून त्याला माळशेजला सोडलं. तिथून तो चालत निघाला, तो महामार्ग ओलांडत, कसाऱ्याच्या रेल्वेलगत, खाडी पोहून, सव्वाशेएक किलोमीटरवरच्या मुंबईत बोरिवलीच्या जंगलात पोचला. वाटेत हजारो माणसं झोपली होती. कुणाला ओरखडाही नाही. दोन वर्षांनी तो घोडबंदरच्या बाजूला गाडीखाली मेला. हकीकत संपली की पोरं हमखास एकच प्रश्न विचारतात, "गाडीवाला थांबला का?" ज्याला ते मघाशी भीत होते त्याच्यासाठी आता ते हळहळतात. मधे घडलं ते एवढंच की कुणीतरी चार वेगळी वाक्यं सांगितली.

भीतीचं एक दुसरं टोकही आहे, आणि तेही सांगण्यातूनच येतं. सांगलीकडच्या बत्तीस शिराळ्यात पोरांना नागाचं भय शिकवलंच जात नसे. पंचमीला जिवंत नाग धरायचे, पुजायचे, मिरवायचे. त्या धीटपणाचं कौतुक पुष्कळ झालं. पण त्यात नागाचे हाल व्हायचे, म्हणून वन्यजीव कायद्याच्या आधारानं उच्च न्यायालयानं ती मिरवणूक थांबवली. जनावराशी लगट करायला शिकवणं आणि त्याच्या नावानं दरडावणं, या दोन्हींत जनावर काय आहे ते पोराला कळतच नाही.

कळावं कसं, याचा एक धडा मी इथल्या एका फडाच्या शेवटच्या तुकड्यात पाहिला. ऊस तोडत तोडत येतो तसे आतले जीव उरलेल्या पट्टीत गोळा होतात, आणि शेवटी ती पट्टीही तुटायला लागली की एकेक बाहेर फुटतो. ससा जातो, तितर जातात, एखादं कोल्हं शेपूट खाली घालून पळतं. टोळीतली पोरं हे बघायला काठ्या घेऊन कडेला उभी असतात. त्या दिवशी वाढ्यांच्या ढिगाखालून सहा-सात फुटांचं पिवळसर लांबडं सळसळत निघालं. काठ्या वर गेल्या. "मारा, मारा! शेपटी लागू देऊ नका!" तेव्हा मोळी बांधत असलेला म्हातारा मुकादम मान वर न करता म्हणाला, "धामीण हाय ती. उंदरं खाती. जाऊ द्या तिला." आवाजात काहीच नव्हतं. ना भीती, ना उपदेश. बैलाला पाणी दाखवा म्हणावं तसं. काठ्या तशाच हळूहळू खाली आल्या. धामण बांध ओलांडून गेली. एक बारका पोरगा तेवढा तिच्या मागं बघत राहिला आणि म्हणाला, "मंग आता ती कुठं ऱ्हाईल?" भीती ओसरल्यावर पोराच्या मनात पहिली जागा कुतूहलानं घेतली, आणि लगेच काळजीनं. कुणी शिकवली नव्हती ती.

चुकीच्या पत्त्यावर गेलेली भीती महाग पडते. मोठी काळी इंगळी दिसली की घर गोळा होतं. कोकणात जीव घेणारा विंचू मात्र छोटा आणि लालसर. हे ज्यांनी जगाला पटवलं ते डॉ. हिंमतराव बावस्कर आपल्याच जालना जिल्ह्यातले, भोकरदन तालुक्यातल्या देहेड गावचे. महाडजवळ बिरवाडीच्या सरकारी दवाखान्यात काम करताना विंचूदंशानं लहान मुलं डोळ्यांदेखत जाताना त्यांनी पाहिली. रात्र रात्र उशाशी बसून घाम, नाडी, श्वास यांची टिपणं केली आणि प्राझोसिन हे साधं औषध इथं कामाला येतं हे दाखवलं. १९८६ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये ते छापून आलं. एके काळी अशा गंभीर रुग्णांपैकी शंभरात तीस-चाळीस दगावायचे, ते प्रमाण एक-दोनावर आलं. विंचवाची भीती देहेडच्या पोरालाही लहानपणी कुणीतरी घातलीच असेल. त्यानं तिच्याकडं टक लावून पाहिलं, एवढा फरक.

सापाचा हिशेब तर याहून मोठा. २००० ते २०१९ या काळात भारतात सर्पदंशानं सुमारे १२ लाख माणसं गेली, वर्षाला सरासरी ५८ हजार. त्यांत पाव हिश्श्याहून जास्त १५ वर्षांखालची मुलं. यातल्या पुष्कळ मृत्यूंच्या मुळाशी विषाइतकाच उशीर असतो. आणि उशिराच्या मुळाशी पुष्कळदा एक ऐकलेलं वाक्य असतं. तिकडं जाऊ नको म्हटलं होतं, तरी गेलास. जनावर डसलं तर ते तुझ्या आगाऊपणामुळंच. अशा धाकात वाढलेलं पोर पायाला काहीतरी लागलं तर आधी मार चुकवायचा विचार करतं. काटा मोडला म्हणतं. गोधडीत शिरतं. घरच्यांना कळतं तेव्हा डोळ्यांच्या पापण्या मिटायला लागलेल्या असतात, आणि तेव्हाही कुणीतरी देवळाकडं, मांत्रिकाकडं गाडी वळवतं, कारण ज्याचं नावही रात्री घ्यायचं नाही त्याच्यावर इलाज दवाखान्यात असेल हे मनाला पटत नाही.

पोरांना निर्भय करा असं मला म्हणायचं नाही. उसाच्या, कालव्याच्या, अंधाराच्या मुलखात राहणाऱ्या पोराला भीती हवीच. ती नेमकी हवी. कुणाला भ्यायचं, कुठं, कोणत्या वेळी, आणि भ्यायल्यावर काय करायचं, एवढं तिच्यात असावं. अंधार पडला की आत यायचं, हे कारण पुरेसं आहे. त्याला बिबट्याची साक्ष कशाला? जेवणासाठी, झोपेसाठी, अभ्यासासाठी जनावरांना बोलावणं आपण सोडलं पाहिजे. शाळेत नागपंचमीला नागाचं चित्र काढून घेण्याबरोबर नाग, मण्यार, घोणस, फुरसं ही चार विषारी नावं आणि धामणीसारखी चार बिनविषारी नावं ओळखायला शिकवली तर पोराच्या जन्माला पुरेल. आणि ज्या बाईला वाक्याचं दार करावं लागतं, तिच्या कोपीला उजेड, तिच्या लेकराला ती फडात असताना बसायला एक सांभाळणारी जागा, ही कारखान्यांची, मुकादमांची आणि सरकारची देणी आहेत. साखर खाणाऱ्या आपल्या सगळ्यांची आहेत.

बाकीचं होईल तेव्हा होईल. घरात लहान मूल असेल तर एक गोष्ट आज रात्रीच करता येईल. त्याला जवळ घेऊन, आवाज न चढवता सांगा: काही चावलं, डसलं, टोचलं तर लपवू नको, पळू नको, लगेच आम्हांला सांग, तुला कुणी रागावणार नाही, आपण नीट दवाखान्यात जाऊ. आणि तसं झालं, तर खरंच रागावू नका.